पाणथळ शेत 'पडीक' कसं? माझं मत, तुमचंही सांगा

येळ्ळूर शिवार:
बेळगावजवळ बळ्ळारी नाल्याकाठी आमचं दोन एकर भात. ओळखीचे एकजण म्हणाले, "दलदल ती, माती टाकून भरून घ्या, तशी पडीकच की." तेव्हापासून मन लागत नाही. अशाच एका दलदलीचं सांगतो: पापुआ न्यू गिनीच्या डोंगरात कुक नावाची दलदल आहे, ११६ हेक्टर. १९६६ साली त्याच खोऱ्यातल्या एका चहामळ्यात चर काढताना जुनी लाकडी अवजारं वर आली. पुढं कुकला पुरातत्त्वज्ञ जॅक गोल्सन यांच्या चमूनं खणलं. सुमारे सात हजार वर्षांपूर्वी लोकांनी तिथं ओलीत मातीचे उंचवटे करून पिकं घेतली होती, आणि चार हजार वर्षांपूर्वी चर खणून पाणी काढलं होतं. अळू आणि केळी! २००८ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. पाणथळात माणसाचा हात किती जुना असू शकतो, बघा. आपल्या शिवारावर भराव पडण्याआधी निदान खालचे थर कुणी तरी बघून ठेवावेत, एवढंच म्हणणं.

वडगावकर:
दादा, तुलना पटत नाही. कुकला ज्वालामुखीच्या राखेचे थर आहेत. जुने चर त्याखाली दबून राहिले, म्हणून काळ ठरवता आला. आपल्याकडं दरवर्षी चिखलणी, मग भात निघालं की मसूर, वाटाणा. वरची माती कितींदा उलटली असेल! पुराव्याआधी अभिमान नको.

खानापूरची लेक:
वडगावकर, नांगर वीतभरच जातो की ओ. खाली पायाला लागतो तो घट्ट थर, त्याच्याही खाली कुणी बघितलंय? झाडाच्या पानात, भाताच्या तुसात सिलिकाचे बारीक कण असतात, पान कुजलं तरी ते मातीत राहतात. कुकला केळीचा माग त्यावरूनच लागला. आपल्याकडं राख नसेना, खालच्या थरातला कोळसा तपासून काळ ठरवता येतो.

वडगावकर:
येतो, मान्य. पण झाडाची मुळं आणि डुकरांनी उकरलेले खड्डेही चरासारखेच दिसतात. कुकच्या सगळ्यात जुन्या, दहा हजार वर्षांच्या खुणा माणसाच्या की निसर्गाच्या, यावर संशोधकांत वाद झाला.

हलगा रोड:
मी विरोधात. माणूस हजारो वर्षं दलदल उपसतोच आहे म्हटलं की भराव टाकणाराही तेच म्हणणार: "आम्ही नवीन काय करतोय?" तुमचा पुरावा त्याच्याच हातात जाईल. शिवाय केंद्र सरकारच्या २०१७ च्या पाणथळ नियमांत भातशेत पाणथळ धरलेलंच नाही. वारशाची भाषा सोडा, पुराचं बोला.

येळ्ळूर शिवार:
पुराचंच बोलतो. कुकचे लोक शेती सोडून गेले तेव्हा चर पुन्हा गाळानं भरले, दलदल परत आली. डांबर-सिमेंटखाली गेलेलं शेत परत येत नाही, आणि नाला फुगला की तेच पाणी शेजाऱ्याच्या रोपात शिरतं. पाणथळ जागा जपायच्या आंतरराष्ट्रीय रामसर करारात भातशेतही पाणथळ धरतात, मग इथल्या नियमानं ते वगळणं मला चूकच वाटतं.

हलगा रोड:
नियम बदला म्हणा की, त्याला माझी सही. पण त्यासाठी सात हजार वर्षं कशाला लागतात?

खानापूरची लेक:
लागतात. आमच्या आजीनं परसातल्या ओलीत अळू लावलं, ते तिला तिच्या सासूनं दिलेलं. त्याच्या आधीचं विचारायला माणूस उरलेलं नाही, मातीच आहे. येळ्ळूरकर, विहिरीला खड्डा काढाल तेव्हा कडा धुऊ नका. मापाची पट्टी लावून फोटो काढा, आणि काळा थर दिसला तर किती खोल ते लिहून ठेवा.