नाव देणं म्हणजे शेवटचं पान

काही जण विचारतात, नुसती झाडं शोधून नावं देणं हे कसलं संशोधन? आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. यादव सरांचं काम बघा की. १९८२ साली वायतुरा या पाणवनस्पतीचं वर्णन प्रसिद्ध करणाऱ्यांत ते होते, पुढं कितीतरी वर्षं कंदीलपुष्पांच्या, म्हणजे कंदिलासारखी फुलं येणाऱ्या वनस्पतींच्या, अभ्यासात गेली. (आम्ही खर्चुडी म्हणायचो, लहानपणी कंद उकरून खाल्लेत. आता लाज वाटते.) मी एकदा कुंडीतलं कंदीलपुष्प ब्लेडनं उभं चिरलं. नळीत खाली झुकलेले केस! चिलट आत शिरतं, अडकतं, केस सुकले की परागपुंज (परागकणांचे गठ्ठे) घेऊन सुटतं. हे सगळं बारकाईनं बघितल्याशिवाय एकमेकींसारख्या दिसणाऱ्या दोन जाती वेगळ्या कशा ठरवणार?