परफॉर्मन्स आर्ट शिकायचंय, नागपुरातून काय मार्ग आहे?

कूलरची_ताटी: बीएफएचं (फाइन आर्टची पदवी) शेवटचं वर्ष आहे, पेंटिंग. फायनलला कॅनव्हासऐवजी परफॉर्मन्स करायचाय. मे महिन्याच्या दुपारी ओली खसची ताटी अंगाला बांधून कॉलेजच्या गेटसमोर उभं राहायचं, ती पूर्ण वाळेपर्यंत, बस एवढंच. सर म्हणतात याला मार्क कसे देऊ. पुढे एमएला हे शिकायचं तर कुठे?

धंतोलीकर: मार्कांचा प्रश्न बरोबरच आहे ना बे. आधी नियम लिहून काढ, किती वेळ, कोण पाणी टाकू शकतं, केव्हा थांबायचं, आणि फोटो-व्हिडिओ कोण घेणार, कारण नंतर तपासायला तेवढंच उरते. परफॉर्मन्स कलाकार मरीना अब्रामोविचनं १९७४ मध्ये नेपल्सला ७२ वस्तू टेबलावर ठेवून ६ तास लोकांना त्या वापरून स्वतःच्या अंगाशी काय करायचं ते करू दिलं, पण अटी आधी ठरलेल्या होत्या. आणि भाऊ, मेच्या उन्हात एकटा उभा राहू नको, सोबत कोणी पाहिजेच.

वडसा_लाईन: एमएसाठी दिल्लीला जेएनयूचं स्कूल ऑफ आर्ट्स अँड एस्थेटिक्स बघ, तिथे थिएटर आणि परफॉर्मन्स स्टडीज आहे, पण तो अभ्यास जास्त, करणं कमी. तोवर झाडीपट्टीची (पूर्व विदर्भातली) नाटकं रात्रभर बसून पाहा, अन् पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत बडगे, म्हणजे ते पुतळे, नीट बघ, कोणाकोणावर राग काढतात ते. एवढं पब्लिक कोणत्या गॅलरीत येते सांग?

कूलरची_ताटी: मारबत दरवर्षी पाहतो ताई, या अँगलनं नाही पाहिली. पाणी बघणाऱ्यांनी टाकायचं ठेवू का मग? म्हणजे ताटी वाळेलच असं नाही...

धंतोलीकर: हे भारी आहे. फक्त वेळेची मर्यादा टाक.