मदत हवी आहे: साखर पेठेतील वारसाहक्काचे घर गुंतवणूक म्हणून घ्यायचे आहे, साठेखत करावे की थेट खरेदीखत?

धागाकर्ता: पुणेकर_सोलापुरी

नमस्कार. सोलापूरच्या साखर पेठेतील एक जुने घर २४ लाखांत मिळत आहे. पुण्यात एवढ्या पैशांत स्वतंत्र घर शोधणे व्यर्थ आहे, म्हणून हे घेऊन, डागडुजी करून भाड्याने द्यावे असा विचार आहे. विकणाऱ्यांना दोन लाख रुपये इसार देऊन झाला आहे. आधी साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) नोंदवावे की थेट खरेदीखत (प्रत्यक्ष विक्रीचा दस्त) करावे, एवढेच विचारायचे आहे. पुढच्या आठवड्यात दोनच दिवस सोलापुरात असल्यामुळे कृपया थेट उत्तर द्यावे.

कडक_भाकरी

विकणारे कोण आहेत? मिळकत पत्रिकेवर (जागेच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्यावर) कोणाचे नाव आहे? भाडेकरू आहे का? घर माळवदाचे (लाकूड-मातीच्या छताचे) आहे की स्लॅबचे? आमच्या शेजारच्या माळवदाच्या घरावर बँकेने कर्ज नाकारले आणि खरेदीदाराला ऐनवेळी सोने मोडावे लागले.

जुळेवासी

माझे स्पष्ट मत असे की पेठेत पैसे गुंतवूच नयेत. गल्ली अरुंद, गाडी लावायला जागा नाही, आणि नळाला रोज पाणी येत नाही हे तर आपण सगळे जाणतोच. त्यापेक्षा जुळे सोलापूर या उपनगरात दोन खोल्यांची सदनिका घ्यावी. मी घेतली, सुखात आहे.

कडक_भाकरी

अहो, जुळे सोलापूरला तरी पाणी रोज कुठे येते? त्यांनी विचारले काय आणि आपण सांगता काय!

पुणेकर_सोलापुरी

कर्ज काढणार नाही. घर माळवदाचेच आहे. पुढच्या खोलीत एक शिलाईवाले जुने भाडेकरू आहेत, ते जातील. विकणारे माझे थोरले मामा आहेत आणि कागद त्यांच्याच नावावर आहे. आता उत्तर मिळेल का?

निवृत्त_मोजणीदार

मामांचे घर म्हणजे आपल्या आजोबांचे का? तसे असेल तर आपण सर्वांत महत्त्वाची गोष्टच सांगितलेली नाही. आजोबांनी ते स्वतः घेतले होते की त्यांना वडिलांकडून मिळाले होते? मृत्युपत्र आहे का? त्यांना मुले किती? आणि मिळकत पत्रिकेवर मामांच्या नावापुढे ‘ए.कु.पु.’ अशी अक्षरे आहेत का? असतील तर मामांचे नाव एकत्र कुटुंबाचा पुढारी म्हणून लागले आहे, एकट्याचे मालक म्हणून नव्हे. नोकरीत असताना ही तीन अक्षरे न वाचता इसार देऊन बसलेली माणसे मी पुष्कळ पाहिली.

पुणेकर_सोलापुरी

आजोबांनी मागावर काम करून १९७४ साली खरेदीखताने घेतले. ते १९९८ साली वारले, आजी २०११ साली. मृत्युपत्र नाही. दोन मामा, माझी आई आणि दोन मावश्या. धाकटे मामा २०२१ मध्ये करोनात गेले, मामी आणि चौदा वर्षांचा मुलगा आहे. पण घराचे सगळे व्यवहार थोरले मामाच पाहतात, त्यामुळे हे सांगण्याची गरज वाटली नाही. ती अक्षरे आहेत.

कायदा_वाचक

हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलींना समान हक्क मिळाला आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली त्यावर शिक्कामोर्तब केले आहे. त्यामुळे आई आणि मावश्यांचा हक्क आता निर्विवाद आहे.

निवृत्त_मोजणीदार

निष्कर्ष बरोबर, पण वाट चुकली. २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतील मुलींच्या जन्मसिद्ध हक्काविषयी आहे. येथे घर आजोबांच्या स्वकष्टार्जित कमाईचे आहे आणि ते मृत्युपत्र न करता वारले, म्हणून १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे आजी आणि पाचही मुले १९९८ सालीच समान वारस झाली. आजींचा सहावा हिस्सा त्यांच्यानंतर पाच मुलांत वाटला गेला. म्हणजे आज प्रत्येकाचा एक पंचमांश, आणि धाकट्या मामांचा पंचमांश मामी व मुलात निम्मा निम्मा.

आता हिशेब करून पाहा. २४ लाखांपैकी थोरल्या मामांचे ४ लाख ८० हजार होतात, आणि तेवढेच आपल्या आईचेही. आपण मामांना सगळे पैसे देऊन त्यांत आपल्याच आईचा हिस्सा विकत घ्यायला निघाला आहात.

हिशेबनीस

विकणाऱ्यांच्या भांडवली नफ्यावरील (विक्रीतून होणाऱ्या फायद्यावरील) कराचा विचार झालेला दिसत नाही. घर १ एप्रिल २००१ पूर्वीचे असल्यामुळे त्या दिवसाचे बाजारमूल्य मूळ किंमत म्हणून धरता येते, त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल घ्यावा.

कडक_भाकरी

हा प्रश्न मामांनी विचारावा, भाच्याने नव्हे. पण एक सोपा मार्ग आहे. सगळ्यांनी आईच्या नावे हक्कसोड पत्र करून द्यावे. आमच्याकडे बहिणींनी भावाला असेच करून दिले, मुद्रांक शुल्क नाममात्र लागले.

कायदा_वाचक

नाममात्र मुद्रांक मोबदला न घेता केलेल्या हक्कसोडीला असतो, तोही वडिलोपार्जित मिळकतीत आणि ठरावीक नातलगांच्या लाभात. आपल्या बहिणींनी पैसे घेतले नसतील. येथे प्रत्येकाला रोख हिस्सा हवा असणार. पैसे घेऊन ‘विनामोबदला’ लिहिणे म्हणजे दस्तातच खोटे लिहिणे होय, आणि उद्या एखाद्या मावशीने ‘मला काहीच मिळाले नाही’ म्हटले तर तोच दस्त तिचा पुरावा ठरेल.

निवृत्त_मोजणीदार

सहमत. शिवाय अज्ञान (अठरा वर्षांखालील) मुलाचा एक दशांश हिस्सा मामींना पालक म्हणून परस्पर विकता येत नाही. त्यासाठी न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. ती नसेल तर सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो मुलगा त्या हिश्श्यापुरती विक्री रद्द करून मागू शकतो. घर विकले म्हणून भाडेकरू जात नाहीत, ते नव्या मालकाचे भाडेकरू होतात. तेव्हा ‘ते जातील’ हे कोणाच्या भरवशावर, तेही लिहावे.

मूळ प्रश्नाचे उत्तर: ताबा घेऊन साठेखत केले तर मुद्रांक खरेदीखताइतकाच लागतो, त्यामुळे पैसे वाचतील म्हणून साठेखत करू नये. परवानगीला वेळ लागणार असल्याने, सर्व वारसांच्या सह्यांचे, न्यायालयाची परवानगी मिळण्याच्या अटीवर, ताब्याविना नोंदणीकृत साठेखत हा मार्ग वकिलांना विचारून पाहावा. एकट्या मामांच्या सहीवर दोन्हीपैकी काहीही करू नये. इसाराची पावती कशी आहे?

पुणेकर_सोलापुरी

साध्या कागदावर, फक्त मामांच्या सहीची. आत्ताच आईला फोन केला. मोठ्या मावशीला विक्रीविषयी काहीच ठाऊक नव्हते. ती म्हणाली, ‘भाच्याने घ्यायला माझी ना नाही, पण मला दादाने विचारायला नको होते का?’ भाडेकरूंच्या भाडेपावत्या १९८६ पासूनच्या निघाल्या. मी पुढच्या आठवड्यात वकिलांऐवजी आधी मावशीकडेच जातो आहे. सोबत कोणते कागद न्यावेत?

निवृत्त_मोजणीदार

१९७४ चे खरेदीखत, ताजी मिळकत पत्रिका, तीनही मृत्यूंचे दाखले. आणि आईंना बरोबर न्या.