थीम आठवडे नेमके कोणासाठी? मुलांसाठी की आपल्यासाठी?

मधली सुट्टी

परवा रंगपेटी यांनी 'तीन ते पाच वयाच्या मुलांसाठी घरच्या घरी थीम आठवडे' असा तक्ता टाकला. पहिला आठवडा समुद्र, मग अंतराळ, मग पक्षी, मग डायनोसॉर. रोज पाच उपक्रम, प्रत्येकापुढे खूण करायला चौकट, आणि शेवटी हे वाक्य: 'पालकांनी रोज फक्त ४५ मिनिटं काढली तर मूल शाळेत मागे पडणार नाही.' खाली बदामांची ही रांग. तिथेच उत्तर लिहायला बसले होते, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

पहिली हरकत 'फक्त'ला. ४५ मिनिटं खेळण्याची झाली. आदल्या रात्री कागदाचे मासे कापण्यात गेलेला दीड तास कोणाच्या खात्यात? आणि दुसऱ्या दिवशी फरशीवरचा गोंद खरवडण्याचा?

दुसरं, मी समुद्र आठवडा केलाय. मनापासून केलाय. निळा कागद, शिंपले, बादलीत पाणी, काय तरंगतं काय बुडतं. लेक चार वर्षांची. तिला या सगळ्यात आवडली ती बादली. सोमवारी बादली, मंगळवारी बादली. बुधवारी म्हटलं, आज ऑक्टोपसचे आठ पाय मोजायचे, तर 'माझी बादली कुठाय' म्हणून भोकाड. ऑक्टोपस मीच पुरा केला. आठही पाय मीच चिकटवले. फोटो काढून 'बघा आमच्या पिल्लाची कलाकारी' असं लिहून मीच टाकला. टाकल्यावर स्वतःचीच लाज वाटली, त्या लाजेतून हा धागा.

तिसरं, 'मागे पडणार नाही'. कोणाच्या मागे? चार वर्षांच्या मुलांची शर्यत नक्की कुठे चालली आहे, मला पत्ता द्या, मी मुलीला तिथून लांब ठेवते.

रंगपेटी

अख्खा धागा माझ्यावरच आहे म्हणजे उत्तर द्यायला हवं. तक्ता फुकट होता आणि कोणावर सक्ती नव्हती. ४५ मिनिटं 'सलग' असं मी कुठेही लिहिलेलं नाही.

थीम कशासाठी, तर शब्दांसाठी. खवले, कल्ले, भरती, ओहोटी, शिंपला हे शब्द रोजच्या 'ये, जेव, झोप'मध्ये येत नाहीत. एकमेकांना धरून आले, हाताला काहीतरी लागलं, तर राहतात. सुटे सांगितले तर उडून जातात. आणि तुमची मुलगी दोन दिवस बादलीशी खेळली म्हणजे माझा उपक्रम चाललाच की! तिला बुधवारी उठवायला मी सांगितलं नव्हतं.

टोकदार

'सक्ती नव्हती' पण चौकटी होत्या. रिकामी चौकट दिसली की आमच्यासारख्यांचा जीव वरखाली होतो, हे तक्ता करणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने १८४० साली आपल्या शाळेला 'किंडरगार्टन' म्हटलं, म्हणजे मुलांची बाग. बागेत रोज रोपाला उपटून मुळं किती वाढली ते बघत नाहीत.

बाकी दुसरा एक तक्ता फिरतोय, 'दर आठवड्याला एक अक्षर'. क आठवडा, ख आठवडा. ण आठवड्यात काय करतात हे लोक? आणि ळ? सुट्टी?

निळी शाई

केलाय आम्ही ण आठवडा. :) सुरुवातीला येत नाही म्हणून शब्दात कुठे दडलाय ते शोधायचं. पाणी, वीणा, कोण. मग ळ: डोळा, फळा, गोळा, बाळ. लिहायचं काही नाही, नुसतं बोलायचं आणि ऐकायचं. मुलगा आता जिन्यात ओरडतो, 'आई, "पळ"मध्ये पण आहे!' शब्दातला मधला आणि शेवटचा आवाज वेगळा काढता येणं हे वाचायला शिकताना कामी येतं. 'क कमळाचा' म्हणत बसलं तर पहिल्या आवाजापलीकडे कोणी जातच नाही. तेव्हा हसा खुशाल.

जाता जाता: समुद्र आठवड्यात 'पाण्यात फुगणारे रंगीत मणी' लिहिले आहेत. ते लहान मुलांना देऊ नका. गिळले तर पोटात फुगून आतडं अडतं, आणि क्ष-किरण फोटोत ते सहसा दिसतही नाहीत.

रातपाळी

मधली सुट्टी, तुमचं लिखाण छान आहे, पण एक विचारतो. ज्याला मुलाशी काय खेळायचं ते सुचतच नाही त्याने काय करायचं?

मी रात्री कामाला, बायको दिवसा. सकाळी आठ ते दोन मी आणि साडेतीन वर्षांचा मुलगा. डोळे मिटत असतात. योजना नसेल तर दोघं पडद्यासमोर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभरापेक्षा जास्त पडदा नको, कमी तितका बरा. आमचा तास नऊ वाजता संपायचा.

मग डायनोसॉर आठवडा आला. दोरीने लांबी मोजायची. दारापासून खिडकीपर्यंत डायनोसॉरची किती पावलं आणि आपली किती. मी भिंतीला टेकून बसलेलो, तो पावलं टाकतोय, चुकीचे आकडे म्हणतोय, सहानंतर नऊ. तक्ता माझ्यासाठीच होता, मान्य. मग बिघडलं काय? ज्यांना आपोआप सुचतं त्यांनी कुबड्यांना हसू नये.

मधली सुट्टी

@रातपाळी, यावर माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्या घरी तक्ता हवा. माझी तक्रार त्या शेवटच्या वाक्याबद्दल होती, ती मी मागे घेत नाहीये.

बालवाडीतली

अठरा वर्षं या वयाची मुलं हाताखालून गेली, म्हणून चार शब्द.

थीम वाईट नाही, गच्च भरलेली थीम वाईट. २०१८ मध्ये एक छोटा अभ्यास झाला होता, दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांचा. एकदा चार खेळणी दिली, एकदा सोळा. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. आमच्याकडे नवी ताई आली की पहिल्या दिवशी टेबल भरून ठेवते. मी निम्मं उचलून कपाटात टाकते. तिला राग येतो, मुलांना काही वाटत नाही.

दुसरं, तीन वर्षांच्या मुलाला ठिपके जोडून अक्षर गिरवायला लावू नका. आधी कागद फाडू दे, कणीक तिंबू दे, कपड्यांचे चिमटे लावू दे. बोटांत जोर आला की पेन्सिल आपसूक धरतात.

आणि तक्त्यातली एक गोष्ट मला जास्त खटकली, जिच्याबद्दल कोणीच बोललं नाही. चांदण्या. प्रत्येक उपक्रमाला एक चांदणी, दहा झाल्या की बक्षीस. त्या तेवढ्या काढा हो.

गुणाकार

अखेर कोणीतरी बोललं! लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ चा प्रयोग. शिशुवर्गातली मुलं, मुळातच स्केचपेनने चित्रं काढायची आवड असलेली. एका गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला न सांगता अचानक दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पेनं समोर ठेवली, तर आधी कबूल केलेला गट बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होता. आवडीचं काम मजुरी झालं.

दुपारची आजी

तुमचा प्रयोग राहू द्या. माझ्या नातवाला दात घासायला चांदणीनेच लावलं. त्याआधी तीन माणसं लागायची, दोन धरायला आणि एक घासायला.

गुणाकार

आजी, तो प्रयोग आधीपासून आवडणाऱ्या कामाबद्दल आहे. दात घासणं कोणालाच आवडत नाही, तिथे गमवायला काही नसतं. त्यामुळे तिथे चांदणी चालून जाते.

दुपारची आजी

म्हणजे माझं बरोबर आहे. एवढंच सांगायला अख्खं १९७३ साल काढलंत.

निळी शाई

चांदण्यांचा आमचा अनुभव. मुलगा तासन्‌तास मासे काढायचा, प्रत्येकाला नाव असायचं, एकाला तर चष्मा होता. मी चांदण्या सुरू केल्या. दुसऱ्या दिवशी दोन मिनिटांत दहा मासे. दहा आडव्या रेघा. 'झाले, दे बक्षीस.' चष्मेवाला परत कधी आला नाही.

टोकदार

माझ्या लहानपणी भिंतीवर असाच तक्ता होता. ताईच्या चोवीस, माझ्या तीन. पाहुणे आले की आधी तो वाचायचे. आज चाळीशी उलटली, तरी कोणी भिंतीवर काही टांगलं की मी आधी माझी ओळ शोधतो. चांदण्या वाटणाऱ्या पालकांनी एकदा स्वतःच्या मुलाला विचारावं, त्याला काय वाटतं.

रातपाळी

दोन भावंडांचे आकडे शेजारीशेजारी लावले, तो दोष चांदणीचा की लावणाऱ्यांचा? आमच्याकडे एकच मूल, एकच तक्ता. तो स्वतः खुर्चीवर चढून चांदणी चिकटवतो आणि टाळ्या वाजवतो.

टोकदार

टाळ्या कशाला वाजवतो ते बघा. खेळाला की चांदणीला. शिकवून तयार केलेला पोपटही वाजवेल.

रातपाळी

तुमच्या ताईचा राग माझ्या मुलावर काढू नका. पोपट म्हणायचं काम नाही. सहा तासांची रात्रपाळी करून त्याच्याबरोबर जमिनीवर बसतो मी. तुम्ही किती वेळ बसता?

टोकदार

बसतो तेवढा बसतो. चौकटीत खूण करत नाही, म्हणून सांगता येत नाही.

बालवाडीतली

दोघंही थांबा. मुलांमध्ये हे झालं असतं तर मी दोघांना दोन खिडक्यांशी बसवलं असतं. टोकदार, 'पोपट' मागे घ्या.

आणि एक लक्षात आलं का? वर निळी शाई यांनी फुगणाऱ्या मण्यांबद्दल लिहिलं, त्यावर एकही प्रतिसाद नाही. चांदणीने इतकं काही होत नाही, मण्याने थेट शस्त्रक्रियेपर्यंत जाऊ शकतं. धागा चांदण्यांवर वाहत गेला. दोष माझाच, तो विषय मीच काढला.

टोकदार

'पोपट' मागे. बाकी जिथल्या तिथे.

रंगपेटी

मणी वाचले. तक्त्यातून आत्ताच काढले, ज्यांनी उतरवून घेतला आहे त्यांनी खोडावं. हे मला माहीत असायला हवं होतं.

बाकीचं लिहिणार नव्हते, पण चार दिवस 'विकायला बसलेली बाई' असा सूर ऐकतेय. माझा मुलगा तीन वर्षांचा होईपर्यंत जेमतेम दहा शब्द बोलत होता. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं, एका वेळी एकाच विषयातले मोजके शब्द घ्या, आणि तेच खेळात, पुस्तकात, अंघोळीत परत परत येऊ द्या. आमच्या घरी थीम तिथून आल्या, शोभेसाठी नाही. चांदणीही तिथलीच. नवा शब्द स्वतःहून म्हटला की एक. त्याचा पहिला दोन शब्दांचा जोड होता, 'मासा गेला'. तो मासा मीच रात्री कापलेला होता, मधली सुट्टी. तो दीड तास मी कोणाच्या खात्यात टाकलेला नाही.

'मागे पडणार नाही' हे मी त्या काळात रोज स्वतःला सांगायचे. तेच इथे लिहिलं गेलं. ते वाक्य काढते. चांदण्या काढणार नाही, 'ज्याला हव्या त्याने' असं लिहीन.

गुणाकार

न आवडणाऱ्या किंवा जड जाणाऱ्या कामासाठी चांदणी, असं लिहिलंत तर माझी हरकत नाही. आवडीच्या कामाला मात्र नको. तेवढं ठळक करा.

दुपारची आजी

यांना ठळक करून दिलं की चांदणी द्या एक.

मधली सुट्टी

@रंगपेटी, हे आधी लिहिलं असतंत तर मी धागा काढला नसता. म्हणजे काढला असता, पण वेगळ्या सुरात. 'फक्त'वर मी अजून ठाम आहे, तो पण काढा.

आमच्याकडची खबर: या आठवड्यात थीम नाही, चौकट नाही, बादली आहे. काल लेकीने माझा तो ऑक्टोपस भिंतीवरून ओढून काढला आणि पाण्यात सोडला. आधी तरंगला, मग भिजून हळूहळू खाली गेला. ती किती तरी वेळ वाकून बघत होती. मग म्हणाली, 'हा आधी होडी होता, आता दगड झाला.' मी फोटो काढला नाही. (मोबाईल चार्जिंगला होता, खरं कारण तेच.)

दुपारची आजी

आणि पाय? मोजले का?

मधली सुट्टी

पाच उरले होते. तीन बादलीत सापडले, तिनेच शोधून काढले.

रंगपेटी

पाच आणि तीन. समुद्र आठवडा, गुरुवार, दुसरी चौकट. फक्त सांगते.