डोळ्यातल्या इंजेक्शनांनी कॉर्नियाला (बुबुळावरच्या पारदर्शक काचेला) त्रास होतो, तर तो आधी सांगायला नको का?

रावपुरेकर
सासूबाईंना ओला मॅक्युलर डीजनरेशन आहे, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग बिघडून मधली नजर जाते तो आजार. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. त्या रात्री डोळा असा चुरचुरतो की उशी भिजते, दिव्याभोवती वलयं दिसतात. सही घेतलेल्या कागदावर जंतुसंसर्ग, पडदा सुटणं, सगळं छापलंय. कॉर्नियाबद्दल चकार शब्द नाही. कॉर्नियाच्या सगळ्यात आतल्या थरातल्या पेशी एकदा गेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. हे कोणी सांगायचं? मला तर ही सरळ लपवाछपवी वाटते.

सुरसागरकाठी
लपवाछपवी जरा जास्तच होतंय हो. सुई कॉर्नियात जातच नाही. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर मागे, पांढऱ्या भागातून जाते. औषध ०.०५ मिली, म्हणजे जेमतेम थेंबभर. चुरचुरतं ते त्याआधी जंतू मारायला घातलेल्या पोव्हिडोन आयोडीनने. त्याने कॉर्नियाचा वरचा थर खरवडल्यासारखा होतो, पण एक-दोन दिवसांत भरून येतो. आणि ते आयोडीन टाळायचं म्हणाल तर आत जंतू जायची भीती. आतल्या पेशी मोजून जे अभ्यास झाले, त्यांतल्या बहुतेकांत ठळक फरक दिसलेला नाही.

रावपुरेकर
'बहुतेकांत'. म्हणजे सगळ्यांत नाही ना? शिवाय हे टोचणं वर्षानुवर्षं चालायचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यात या पेशी आधीच कमी झालेल्या असतात. अशांची स्पेक्युलर तपासणी, म्हणजे या पेशींची मोजणी, आधी एकदा का करत नाहीत?

मांजलपूरची मावशी
मी नेत्रविभागात नर्स होते, म्हणून बोलते. भांडण औषधावरून चाललंय, पण खरी गोम धुण्यात आहे. आयोडीन ठरलेला वेळ डोळ्यात राहिलं की सलाईनने भरपूर धुवायचं, पापणीच्या आतूनसुद्धा. गर्दीच्या दिवशी नेमकं हेच घाईत उरकतं. बधिर करणाऱ्या थेंबांनीही वरचा थर दुखावतो, ते वरचेवर घालू नयेत. आयोडीन अजिबात सोसत नसेल तर पाण्यातलं सौम्य क्लोरहेक्सिडीन वापरतात, डॉक्टरांना विचारा. घरी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू. आणि उत्तरायणाला पतंग बघायला लगेच गच्चीवर जाऊ देऊ नका त्यांना, धूळ आणि वारा दोन्ही वाईट.

अलकापुरीवाला
मी रावपुरेकरांच्या विरुद्ध. असलं काही कानावर आलं की लोक इंजेक्शनच सोडतात. आठवतंय ना, २०१६ च्या जानेवारीत? आपल्या गुजरातेत अव्हास्टिन हे याच आजारावरचं औषध डोळ्यात घेतलेल्या १५ जणांना त्रास झाला, सरकारने डोळ्यासाठी ते वापरू नका म्हणून सांगितलं, मार्चमध्ये मनाई उठवली. त्या धसक्याने आमच्या शेजारच्या काकांनी उपचार बंद केला तो कायमचा. आता फरसाणवाल्याची पाटी त्यांना कडेकडेने दिसते, मधलं नाव नाही. चुरचुर परवडली.

रावपुरेकर
इंजेक्शन सोडा असं मी कुठे म्हटलं? सांगा म्हटलं. सासूबाई शिकलेल्या आहेत, घाबरून पळणाऱ्या नाहीत. रात्री डोळा जळायला लागला तेव्हा त्यांना वाटलं, डोळाच गेला. कागदावर एक ओळ असती तर एवढी धडकी भरली नसती.

मांजलपूरची मावशी
ती ओळ असायलाच हवी, इथे मी तुमच्या बाजूने. पण तिच्या खालीच दुसरीही हवी: पहिल्या रात्रीची जळजळ उतरत जाते, दुखणं वाढत गेलं, नजर धूसर झाली किंवा डोळा लालभडक झाला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवायचं.

सुरसागरकाठी
चालेल. 'लपवाछपवी' मात्र मागे घ्या.

रावपुरेकर
कागद बदलला की घेतो.