त्रास मोजता येतो

‘जहाजांच्या आवाजाचा देवमाशांना त्रास होतो हे कळणार कसं, ते काही सांगायला येत नाहीत’ असं काही जण म्हणतात, आणि हा मुद्दा रास्त आहे. पण एका ठिकाणी तो त्रास मोजला गेलाय. कॅनडाच्या फंडी उपसागरात संशोधक राइट व्हेल जातीच्या देवमाशांची पाण्यावर तरंगणारी विष्ठा गोळा करून त्यातली ताणाची संप्रेरकं मोजत होते. पुढे तर वासावरून ती विष्ठा शोधायला बोटीवर शिकवलेले कुत्रे घेतले. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तिथली जहाजवाहतूक एकदम कमी झाली, पाण्यातला आवाज ६ डेसिबलने उतरला आणि त्याच दिवसांतल्या नमुन्यांत संप्रेरकंही कमी भरली. पुढच्या वर्षांत त्या हंगामात अशी घट दिसली नाही. हे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. ६ डेसिबल किरकोळ वाटतात, पण तेवढ्याने ध्वनीचा दाब निम्मा होतो.

‘त्रास होतो तर मग ते दुसरीकडे का जात नाहीत?’ असंही विचारलं जातं, त्याच्याशी मात्र मी सहमत नाही. त्यांचं खाणं, म्हणजे कोपेपॉड नावाचे बारीक जीव, त्या वर्षांत तिथे दाटीने मिळायचे. आणि आवाज त्यांना नडतो, कारण त्यांची एकमेकांना घातलेली साद खालच्या पट्टीतली, आणि जहाजांची घरघरही नेमकी त्याच पट्टीत.