मदत हवी आहे: गाठ खाली, मग चीर जांघेत का?

माहुलीकर: शुक्रवारी भावाचं ऑपरेशन. साताऱ्यात दाखवलं, तिथून मिरजेला पाठवलं. गाठ अंडकोषात, आणि सर्जन म्हणतात चीर जांघेत देणार, अख्खा अंडकोष काढणार. आधी सुईने तुकडा काढून तपासा म्हटलं तर सरळ नाही म्हणाले. न तपासता कापतात कसं? माहीत असेल त्यानेच सांगा. लवकर.

खंबाटकी: वय? सोनोग्राफीत काय आलं? दुखतं का? डावं की उजवं?

माहुलीकर: उजवं. त्याने काय फरक पडतो? सोनोग्राफीवरूनच तर कॅन्सर म्हणतायत. दुखत नाही, म्हणून तर पठ्ठ्या चार महिने बोलला नाही.

आयर्विनपूल: अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर, दुसरं काय! माझं हेच ऑपरेशन २०१४ ला झालंय. खालच्या पिशवीला सुई लावतच नाहीत. अंडकोषातला रोग पसरला तर पोटात, मागे कण्याजवळच्या लिम्फ नोडकडे, म्हणजे रसग्रंथींकडे जातो. पिशवीच्या कातडीची वाट मात्र जांघेकडची. तिथे भोक पाडलं तर रोगाला नवा रस्ता आपणच करून दिला. म्हणून जांघेतून वरची दोरी, म्हणजे अंडकोषाला जाणाऱ्या रक्तवाहिन्या नि वीर्यनलिकेचा जुडगा, बांधायची आणि अंडकोष तिथूनच बाहेर काढायचा. तो अख्खाच लॅबला जातो, तीच तपासणी. रक्तात या कॅन्सरच्या खुणा बघतात, एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच, ते केलंत का? ऑपरेशनच्या आधी हवं, नंतरचे आकडे त्याच्याशी ताडतात.

माहुलीकर: झालंय. पहिले दोन वाढलेत.

राजापुरी_हळद: घाई नको. माझ्या मेव्हण्याची गाठ हळद नि गोमूत्राने विरघळली.

आयर्विनपूल: गाठ कुठे होती?

राजापुरी_हळद: मानेला.

आयर्विनपूल: मग मानेचा धागा काढा की वेगळा.

कृष्णाकाठ: टाटालाच न्या. रात्री महालक्ष्मीत बसायचं, सकाळी मुंबई.

खंबाटकी: साताऱ्याचं स्टेशन गावापासून लांब, महालक्ष्मी येते आडवेळी. पेशंट घेऊन कोण जाईल? त्यापेक्षा बस बरी.

कृष्णाकाठ: बसने कंबर मोडते. आणि युवराज सिंगचं बघा, त्यालाही हाच कॅन्सर होता, तो कुठे मिरजेत थांबला?

आयर्विनपूल: त्याची गाठ छातीत होती, दोन फुफ्फुसांच्या मधे. जात तीच, जागा वेगळी. २०१२ ला अमेरिकेत केमोने बरा झाला. माहुलीकर, मिरजेत हे ऑपरेशन होतं, घाबरू नका. पुढे केमो लागेल की नुसती नजर ठेवायची, ते लॅबचा रिपोर्ट, सीटी आणि नंतरचे रक्ताचे आकडे बघून ठरतं.

माहुलीकर: खरं म्हणजे त्याचं लग्न ठरलंय. मुलं होतील का?

खंबाटकी: हे आधी लिहायला काय झालं होतं?

आयर्विनपूल: दुसरा चांगला असेल तर बहुतेकांना एक पुरतो. मला मुलगी आहे. पण केमोने गणित बदलू शकतं, म्हणून शुक्रवारच्या आधी वीर्य गोठवून ठेवायचं विचारा. आजच. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

माहुलीकर: सर्जनना फोन लावला. उद्या सकाळी बोलावलंय. मुलीकडच्यांना सांगायचं का, यावरून घरात रण पेटलंय.

कृष्णाकाठ: सांगा. नंतर कळलं तर जास्त वाईट.

राजापुरी_हळद: कशाला? उगाच बोभाटा.

खंबाटकी: ते भावाला ठरवू द्या. वय अजून सांगितलं नाहीत.

माहुलीकर: २६.